दीड मीटरांचं झाकण

'वेलावती' या संशोधन जहाजाच्या प्रयोगशाळेत समतोलपात्रात समुद्राचं पाणी फवाऱ्यासारखं पडत होतं आणि पडद्यावरचा आकडा वीस दिवस जागचा हलला नव्हता. तीनशे छप्पन्न.

डॉ. कालिंदी नाबर त्या आकड्याकडे बघत उभ्यानेच चहा पीत होती. जहाजाच्या पोटाला, पाण्याखाली पाच मीटरांवर, एक नळ होता. तो समुद्राचं पाणी ओढून या काचेच्या पात्रात आणी. पात्रातली हवा पाण्याशी समतोलात आली, की तिच्यात कार्बन डायऑक्साइड किती ते अवरक्त विश्लेषक सांगे. हा पाण्याचा कार्बनदाब. हवेचा कार्बनदाब होता चारशे अडतीस. पाण्याचा दाब हवेपेक्षा कमी असला की समुद्र हवेतला कार्बन पितो, जास्त असला की ओकतो. 'निवळी' प्रकल्पाचा सारा डोलारा या एका वजाबाकीवर उभा होता.

देवगडच्या पश्चिमेला बाराशे चौरस किलोमीटर समुद्रात उन्हाळ्याच्या तोंडावर चुन्याची निवळी सोडली जाई. सहा मीटर खोल नळ्यांतून, म्हणजे वरच्या जीवांना चटका बसत नसे. निवळीमुळे पाण्याची कार्बन धरून ठेवण्याची ताकद वाढते, आणि पुढे ते जड पाणी पावसाळ्याआधी खोल उतरून जातं, कार्बनसकट. तीन वर्षांपूर्वी तिथे मासेमारीला बंदी आली, कारण बोटींचा धूर हवेच्या मोजणीत मिसळतो. या सफरीचा अहवाल गेला की ती बंदी कायमची होणार होती. सोळा गावांच्या तीनशे बोटी किनाऱ्यावर रेतीत पडून होत्या.

कालिंदीला खटकत होतं ते वेगळंच. निवळी सोडणं वीस दिवसांपूर्वी थांबलं होतं. तेव्हापासून समुद्र पीत असेल, तर त्याचं पोट थोडं तरी भरायला हवं होतं. आकडा तीनशे साठावर तरी यायला हवा होता.

दारात जहाजाचा सारंग उभा होता, बाबल मेथर. तीन वर्षांपूर्वीपर्यंत स्वतःच्या बोटीचा मालक, आता या जहाजावर दोरखंड सांभाळणारा. त्याच्या हातात डेक धुवायची बादली होती.

"बाय, माझ्या बादलीतला पाणी ऊन ऊन लागता, नि तुमच्या नळाचा थंडगार. समुद्र दोन आसत की काय?"

तिने बादलीत बोट घातलं. मग तापमापी घातली. एकतीस पूर्णांक तीन. नळाच्या पाण्याचं तापमान होतं साडेअठ्ठावीस. बादली बाबलने दोरीने वरून, अगदी पृष्ठभागावरून ओढली होती.

तिने चहाचा पेला खाली ठेवला.

"बाबलकाका, रबरी होडी पाण्यात सोडायला किती वेळ लागेल?"

"टिपणीस सायबांका विचारलात?"

"विचारते. ते नाही म्हणतील. किती वेळ लागेल?"

मोहिमेचे प्रमुख डॉ. विश्राम टिपणीस नाहीच म्हणाले. मोजणी नळानेच करायची, असं कार्यपद्धतीत लिहिलेलं होतं, आणि ती कार्यपद्धती त्यांनीच लिहिली होती. कालिंदी तिथून निघून थेट कॅप्टनकडे गेली. कॅप्टन फर्नांडिस म्हणाले, "आकडे टिपणीसांचे, होडी माझी. दोन तासांत परत या."

जहाजापासून दोन किलोमीटरवर, त्याच्या धुरापासून वाऱ्याच्या वरच्या अंगाला, बाबलने इंजिन बंद केलं आणि वल्ही घेतली. समुद्र तेल ओतल्यासारखा सपाट होता. कालिंदीने खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला. मनगट उबेत होतं, बोटंही उबेत होती. मग तिने काठीला बांधलेली तापमापी हळूहळू खाली सोडली. दीड मीटरपर्यंत एकतीस. तिथून हातभर खाली, साडेअठ्ठावीस. मधे उतार नव्हताच, पायरी होती.

तिने अकरा बाटल्या भरल्या, प्रत्येक वितीभर खोलीवरून, प्रत्येक वेगळ्या जागी. टिफिनएवढं छोटं समतोलपात्र तिने स्वतः बनवलं होतं. त्यात एकेक बाटली रिकामी केली. चारशे छत्तीस. चारशे सदतीस. चारशे छत्तीस. बाबलने विचारलं, "बरा की वायट?"

"हवेइतकंच. म्हणजे इथे कोणीच काही पीत नाहीये."

संध्याकाळच्या चहाला टिपणीसांनी बाटल्यांच्या आकड्यांचा कागद दोनदा वाचला. हा माणूस वाईट नव्हता. तीस वर्षं त्याने दुसरं काही केलं नव्हतं. याच प्रकल्पासाठी त्याने दिल्लीत चपला झिजवल्या होत्या.

"समजावून सांग," ते म्हणाले.

"वारा पडलाय, ऊन कडक आहे. वरचं दीड मीटर पाणी तापून हलकं झालंय आणि झाकणासारखं बसलंय. उष्णझाकण म्हणा. हवेचा संबंध फक्त झाकणाशी येतो. ते दोन-चार दिवसांत कार्बनने भरलं आणि थांबलं. आपली निवळी झाकणाखाली आहे. तिला भूक आहे, पण तोंड बंद आहे. आणि आपला नळ पाच मीटरांवर. आपण वीस दिवस भूक मोजतोय, सर. जेवण नाही."

"मग नळ वर का नाही बसवला आपण, सांग?"

"वर बसवला तर लाटेबरोबर हवा गिळेल. सगळ्याच जहाजांचे खाली असतात. म्हणून तर कोणाला दिसलं नाही."

टिपणीस हसले, पण त्यांना आनंद झाला नव्हता. "आणि प्राथमिक चाचणी? पाच वर्षांपूर्वी याच जागेवर, याच महिन्यात, मोजणीचे चाळीस बोये तरंगत होते. त्यांचे नळ वीतभर खोलीवर. वर आणि पाच मीटरांवर आकडा एकच आला होता! म्हणूनच तर बोये काढले आपण. तेव्हा कुठे गेलं होतं तुझं झाकण?"

वारा तेव्हाही पडलेला होता. नोंदी कालिंदीने सकाळीच बघितल्या होत्या. ऊनही तेवढंच.

"अकरा बाटल्यांवर मी वीस दिवस फेकून देणार नाही," टिपणीस म्हणाले. "उद्या दुपारी अहवाल जाईल. आकडे 'ग्राह्य' म्हणून."

"ग्राह्य की शंकास्पद, हा शेरा उपकरणप्रमुख मारतो, म्हणजे मी. शंकास्पद मारलाय, दुपारच्या जेवणाआधीच."

"काढ तो."

"चूक दाखवा, काढते."

ती प्रयोगशाळेत आली आणि तिने पाच वर्षांपूर्वीची उपग्रहाची उष्णताचित्रं उघडली. ती कोणी कधी नीट पाहिली नव्हती; बोये असताना चित्रं कशाला बघायची? पहिलं चित्र उघडलं आणि ती खुर्चीतून पुढे सरकली. लालसर, तापलेल्या समुद्रावर शेकडो निळ्या रेघा होत्या. नुकताच टाकी लावलेला पाटा दिसावा तशा. प्रत्येक रेघ आजूबाजूच्या पाण्यापेक्षा दोन अंशांनी थंड.

तिने बाबलला हाक मारली.

बाबलने चष्मा कपाळावरून खाली ओढला, पडद्याला नाक लावलं आणि मोठ्याने हसला. "ह्यो रेघो आमच्योच! ही सरळ गेलेली दिसता ती ट्रॉलराची. आणि ही नागासारखी गेली तो दाजी खवणेकार. तेका बोट सरळ हाकूक जमलीच नाय कधी."

"एक बोट जाळं ओढत दिवसाला किती फिरायची?"

"शंभर किलोमीटर सहज."

कालिंदीने कागद ओढला. बोटीचा पंखा आणि जाळं मिळून पाणी ढवळतात तो पट्टा आठेक मीटर रुंद. शंभर किलोमीटर लांब. म्हणजे एका बोटीमागे रोज पाऊण चौरस किलोमीटरहून जास्त झाकण फुटतं. तीनशे बोटी. रोज दोनशे चाळीस. क्षेत्र बाराशे.

पाच दिवस. दर पाच दिवसांनी सगळा समुद्र एकदा ढवळून निघत होता.

ती कागद घेऊन टिपणीसांच्या केबिनमध्ये गेली, बाबल मागोमाग. टिपणीसांनी चित्र पाहिलं, गुणाकार स्वतः पुन्हा केला.

"चाचणी यशस्वी झाली," ते सावकाश म्हणाले, "आणि यश आलं म्हणून आपण..."

"ज्यांच्यामुळे आलं त्यांना बाहेर काढलं. चुना बरोबर आहे, सर. तुमचं गणितही बरोबर आहे. फक्त त्यात ढवळणारे धरलेले नव्हते."

"हे मी वर कसं सांगू? बंदी मी मागितली होती. प्रकल्प बंद करतील!"

"बंदी कायम झाली तर प्रकल्प आत्ताच बंद आहे. फक्त आकडा चालू राहील."

"सायबानु," बाबल दारातून म्हणाला, "तीन वर्सां माझी बोट रेतीत आसा. तुमका लाज वाटत असली तर मी सांगतंय वर."

टिपणीसांनी त्याच्याकडे पाहिलं, मग कालिंदीकडे. "पुरावा लागेल. एक तरी बोट झाकणावरून न्यावी लागेल, आधी आणि नंतर मोजावं लागेल. आणि बोट आत आली की तटरक्षक पकडतील. हुकूम स्पष्ट आहे, क्षेत्रात मोजणीच्या उपकरणांशिवाय काहीही नको."

"उपकरणांची यादी कोण करतं?"

"उपकरणप्रमुख." त्यांची नजर टेबलावरच्या यादीकडे गेली. "कालिंदी, तुझी नोकरी जाईल."

"जाईल कदाचित." तिने त्यांच्याच टेबलावरची यादी ओढून घेतली आणि सुवाच्य अक्षरांत नवी ओळ लिहिली. ढवळणी, डिझेलवर चालणारी, जाळ्यासह. नग एक. खाली सही केली. जागा उरली होती, म्हणून शेजारी तारीख आणि वेळही टाकली.

बाबलच्या निरोपावरून दाजी खवणेकरने रातोरात बोट पाण्यात ढकलली होती; सकाळी नऊ वाजता हद्दीच्या रेषेवर थांबलेली ती बोट आत आली. तटरक्षकांच्या नौकेने बिनतारी यंत्रावर हटकलं, तेव्हा कॅप्टन फर्नांडिसनी अत्यंत गंभीर आवाजात उपकरणाचा अनुक्रमांक वाचून दाखवला. पलीकडून तो अनुक्रमांक एकेक आकडा करत परत वाचला गेला. मग, "पुढे चला."

कालिंदी रबरी होडीत होती. तिने आधीची बाटली भरून ठेवली होती, चारशे छत्तीस. दाजीची बोट धडधडत, जाळं ओढत, वाकडीतिकडी समोरून गेली. धूर वाऱ्याने निघून जाईपर्यंत ती घड्याळ लावून थांबली. मग ढवळलेल्या पट्ट्याच्या मधोमध, वितीभर खोलीवर, दुसरी बाटली बुडवली. पाणी बोटांना गार लागलं.

बिनतारी यंत्र खरखरलं. टिपणीस होते. सारं जहाज कठड्याशी गोळा झालेलं तिला दिसत होतं.

"किती?" त्यांनी विचारलं.

तिने बाटली छोट्या समतोलपात्रात रिकामी केली आणि आकडा स्थिर होऊ दिला.

"तीनशे चौऱ्याहत्तर. हवेपेक्षा चौसष्टने कमी. प्यायला लागलाय, सर."

"आणि शेरा?"

"ग्राह्य. पण एका बाटलीवर मीही काही ठरवणार नाही." तिने तिसरी बाटली उघडली. "यादीत नग एक लिहिलंय, तिथे तीनशे करा. सही माझीच राहू दे."