मॅटवरचा खळगा

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी एवढंच सांगते, की ओरोझमामांना मी जन्मात कधी खोटं बोलताना ऐकलेलं नाही. आणि बर्फातून जी निघाली, तिला मी या डोळ्यांनी पाहिलंय.

गेल्या वर्षीची गोष्ट. ऑगस्टची सतरा तारीख. काराकोल शहराच्या वर, आमच्या गावामागची हिमनदी.

मामांना एकच लेक होती. पेरिझात. डोंगरात वाटाड्याचं काम करायची, परदेशी पाहुण्यांना खिंडीपलीकडे न्यायची. त्याच्या सात वर्षं आधी ही हिमनदी ओलांडताना ती पुढे होऊन वाट चाचपत होती. मागच्यांच्या देखत पायाखालचा बर्फ खचला...

आणि ती दिसेनाशी झाली.

अकरा दिवस सगळ्यांनी शोधलं. मग सगळे थांबले.

मामा थांबले नाहीत.

दर ऑगस्टला, बर्फ सगळ्यात जास्त वितळतो तेव्हा, ते एकटेच वर जायचे. चार-पाच दिवस राहून काठीने एकेक भेग धुंडाळायचे. मग खाली मान घालून परत यायचे.

गेल्या वर्षी मात्र गुडघ्यांनी दगा दिला. लोकरीचं जड अंथरूण पाठीवर घेऊन चढणं जमेना. "मामा, आता हलकी मॅट घ्या," म्हणून मीच त्यांना काराकोलला नुरझातच्या दुकानात घेऊन गेले. डोंगरात जाणारे सगळे तिच्याकडूनच सामान नेतात.

वडीलधाऱ्यांना आमच्याकडे म्हणतात तसं ‘आके’ म्हणत नुरझातने फोमची वळकटी पुढे केली. "ही घ्या, आके. दगडावर टाका, काट्यावर टाका, हिला काही होत नाही. पण बर्फावर एकटी ही पुरायची नाही. खालून गारठा वर येईल."

"आणि ती?"

"ती हवेची. वजन म्हणाल तर पावाच्या एका लादीएवढं. उबदारही आहे. पण एक टाचणी लागली की संपलं."

"भरवशाची कुठली ते सांग ना पोरी."

"भरवसा हवा तर फोम, वजन कमी हवं तर हवेची. मी स्वतः खाली पातळ फोम घालते नि वर हवेची."

मामा बूट काढून दुकानात भुईवरच आडवे झाले. डोळे मिटले. बराच वेळ उठलेच नाहीत.

"आके, घोरू नका हं. गिऱ्हाइकं पळतील माझी."

मामा हसले. किती दिवसांनी त्यांना हसताना पाहिलं!

नुरझातने हवेची मॅट भरून पाण्याच्या टबात दाबून धरली. बुडबुडा आला नाही. मग म्हणाली, "एक खोड आहे हिला, आधीच सांगते. कूस बदलली की कुरकुरते. शेजारच्याची झोप मोडते."

"माझ्या शेजारी कोण असणारे?" मामा म्हणाले.

नुरझातने मॅटमधली हवा सोडली. पुसून, घडी करून मॅट तिने पिशवीत घातली.

सतराला मामा वर पोचले. हिमनदीच्या कडेला दगड बाजूला करून तंबू लावला. खाली फोम, वर हवेची मॅट. अजून उजेड होता. ते बाहेर बसून स्टोव्हवर चहा उकळत होते.

तेवढ्यात...

चुर्र...

तंबूच्या आतून.

मामांनी स्टोव्ह बंद केला.

चुर्र... चुर्र...

मॅट कुरकुरत होती. कुणीतरी कूस बदलत असल्यासारखी.

उंदीर-बिंदीर शिरला असेल म्हणून त्यांनी तंबूची चेन ओढली. आत कुणीच नव्हतं.

पण मॅटच्या मधोमध खळगा होता. डोक्याकडे, कमरेपाशी, टाचांपाशी. माणूस उताणा निजल्यावर पडतो तसा. त्यांच्या डोळ्यांदेखत तो खळगा हळूहळू भरून आला... आणि मॅट पहिल्यासारखी झाली.

मामा घाबरले नाहीत. ते तिथेच दगडावर बसून रडले.

एक गोष्ट तेव्हाही त्यांच्या ध्यानात आली होती. पेरिझात ठेंगणी, बापाच्या खांद्याएवढी. आणि तो खळगा लांबलचक, मॅटच्या पार टोकापर्यंत गेलेला. पण त्यांनी तो विचार झटकून टाकला. सात वर्षांनी लेक येऊन टेकली होती. बाप काय माप घेत बसणार?

त्या रात्री मामा मॅटवर झोपले नाहीत. तंबूतच कडेला, नुसत्या भुईवर, कोट गुंडाळून पडले. रात्रभर शेजारी मॅट कुरकुरत होती. मध्येच थांबायची... मग पुन्हा.

"झोप गं राणी," ते म्हणायचे. "गार नाही ना लागत?"



दुसऱ्या दिवशीही तेच. दिवसभर भेगा धुंडाळायच्या, संध्याकाळी मॅट अंथरून स्वतः भुईवर पडायचं. त्यांची पाठ आखडली होती. ओठ निळे पडले होते. अजून दोन रात्री तसे काढले असते, तर मामाच परत आले नसते.

तिसऱ्या सकाळी त्यांना जाग आली, तेव्हा शेजारी नुसता फोम होता.

मॅट नव्हती.

तंबूची चेन आतून लावलेली...

मामा धडपडत बाहेर आले. रात्री भुरभुर बर्फ पडून सगळीकडे पांढरी चादर झाली होती. त्या चादरीवर, दोनशे पावलांवर, हिमनदीच्या मधोमध मॅट अंथरलेली होती. एक सुरकुती नव्हती. वर दगड ठेवलेला नव्हता. वारा भणाणत होता. एवढी हलकी वस्तू खरं तर कधीच दरीत जायला हवी होती.

ती हलतही नव्हती.

आणि तिथवर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं...

मामा काठीने चाचपत तिथे गेले. मॅटच्या पायाकडच्या टोकाशी वितळत्या बर्फातून काहीतरी काळं वर आलं होतं.

बुटाची टाच.

खाली कुरणावर मेंढपाळांचा तळ होता. त्यांनी दोर आणि कुदळी आणल्या, गावात निरोप धाडला. मीही वर गेले. संध्याकाळपर्यंत खणल्यावर ती दिसली.

उंच, सडपातळ मुलगी. चामड्याचे बूट, तळांना लोखंडी खिळे. तसले बूट मामांच्या वडिलांच्या काळात डोंगरात जाणारे घालायचे.

ती पेरिझात नव्हती.

मामांनी हातातली काठी खाली टाकली. "तीन दिवस मी कुणाला लेक म्हणत होतो?" एवढंच बोलले.

मग एका मेंढपाळाने तिच्या चेहऱ्यावरचा बर्फ झाडला... आणि मामांनी त्याचा हात धरून थांबवला.

त्या मुलीच्या डोक्याला पिवळा मफलर होता. लाल काठाचा. बुरुलमामीने स्वतः विणलेला. पेरिझात निघाली, त्या सकाळी मामीनेच तो तिच्या गळ्यात घातला होता.

तो उडत येऊन तिथे अडकलेला नव्हता. दोन्ही कानांवरून नीट घेऊन हनुवटीखाली गाठ मारलेली होती. लहान पोरीला बांधतात तशी.

सगळ्यांना कळलं.

पडल्यावर पेरिझात जिवंत होती. खाली अंधारात तिला ही सापडली होती. कधीची मेलेली, कुणाची कोण. आणि तिने आपल्या गळ्यातला मफलर काढून तिच्या डोक्याला बांधला होता.

"सोडू का?" मेंढपाळाने विचारलं.

"नको," मामा म्हणाले. "राहू दे. गारठा आहे."

त्या जागेभोवती आठ दिवस खणलं. पेरिझात नाही. तिची पिशवी नाही. काही नाही.

त्या परक्या मुलीचं नाव शेवटपर्यंत कळलं नाही. गावाच्या दफनभूमीत, कडेच्या पॉप्लरच्या झाडाखाली तिला माती दिली. गुरुवारी मामीने तेलात पिठाच्या वड्या तळल्या. आमच्याकडे गेलेल्या माणसापर्यंत तो वास पोचतो म्हणतात. तळता तळता तिने मला विचारलं, "किती वेळ होती गं ती जिवंत? एक दिवस? दोन?"

तिच्या हातातला झारा घेतला नि उरलेल्या वड्या मी तळल्या.

इथवरचं गावात सगळ्यांना ठाऊक आहे. एक गोष्ट मामांनी मामीला अजून सांगितलेली नाही. मला सांगितली, या वसंतात, कुंपण दुरुस्त करता करता.

दुसऱ्या रात्री ते मॅटशेजारी पडून बडबडत होते. घरच्या गोष्टी, गायीला झालेलं वासरू, आईचं दुखणं. सांगता सांगता आवाज चढला.

तेव्हा तंबूच्या बाहेरून, त्यांच्या डोक्यामागून, कापडाला तोंड लावल्यासारखा आवाज आला.

पेरिझातचा.

"बाबा... हळू बोला. आत्ताच कुठे झोपलीये ती."

मामा ताडकन उठले. चेन ओढून बाहेर आले. बर्फ भुरभुरत होता. लांबवर कुणीही नव्हतं.

हे सांगून मामांनी हातातला खिळा कुंपणाच्या फळीत ठोकला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "परक्या पोरीला तिनं माझ्यापाशी आणून निजवलं. पण ती स्वतः बाहेरच उभी होती गं. माझी पोरगी कुठं निजते?"