दानम्मामावशींचा आयपी

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण खोटं सांगून मला काही मिळणार नाही. मी अम्मार, नांदेडचा. ऑफिसांमध्ये कॉम्प्युटर, प्रिंटर जोडून देतो. हे घडलं गेल्या मे महिन्यात, लातूरच्या एका नीटच्या क्लासमध्ये... आणि तेही भर दुपारी.

रविवार होता. क्लासच्या शिवलिंग सरांनी नवा प्रिंटर आणला होता, सगळ्या कॉम्प्युटरवरून चालणारा. तो मागच्या खोलीत बसवायचा होता.

अशा प्रिंटरला नेटवर्कवर स्वतःचा कायमचा नंबर लागतो. त्याला आयपी म्हणतात. एकच नंबर दोघांना दिला की भांडण सुरू!

सर म्हणाले, "दानम्माचा देऊन टाक. ती तर गेली."

दानम्मामावशी तिथं टायपिंग करायच्या. दिवाळीनंतर वारल्या. त्यांचा कॉम्प्युटरही भंगारात गेला. म्हणजे नंबर मोकळाच.

मी तो प्रिंटरला दिला.

लॅपटॉपवर आलं... हा आयपी आधीच वापरात आहे.

मी प्रिंटरची वायर काढली आणि त्या नंबरला पिंग केलं. पिंग म्हणजे हाक मारणं. तिथं कुणी नसेल तर उत्तर येत नाही.

उत्तर आलं.

सगळे कॉम्प्युटर बंद केले. वायफाय बंद केलं. आता जोडलेला होता तो फक्त माझा लॅपटॉप.

पुन्हा हाक मारली...

उत्तर आलं.

मावशींची मुलगी आरती आता त्यांच्या जागी कामाला होती. ती चहा घेऊन आली. मी म्हणालो, "तुझ्या आईचा नंबर अजून कुणीतरी वापरतंय."

ती उंबऱ्यातच थांबली.

"भाई, प्रिंटर आत नका ठेवू. भायेर दारापाशी ठेवून बघा."

"का गं?"

"आई किल्लारीची. भूकंपात घर अंगावर आलं व्हतं तिच्या. तवापासून ती दार सोडून कुठंच बसली न्हाई. चपला बी भायेर तोंड करून काढायची. सरांनी पालकांसाठी दारात सोफा टाकला अन् तिला ह्या खोलीत बसवलं. लई हातापाया पडली. मग एका दिवशी जमिनीतून आवाज आला... सगळे पळाले. आई भीतीनं इथंच गेली. हात दाराच्या कडीवर व्हता."

मी प्रिंटर उचलला, बाहेर दारापाशी ठेवला, लांब वायर जोडली. तोच नंबर दिला.

मुकाट्यानं चालू झाला.

आरती ओढणी तोंडाला लावून रडत होती.

तेवढ्यात सर आले. "हे काय दारात मांडलंस? पालक काय म्हणतील? आत घे."

आरती माझ्याकडे बघत राहिली. मी एक शब्द बोलायला हवा होता. पण सरांच्या आणखी दोन शाखांचं काम मला हवं होतं. मी मान खाली घातली, प्रिंटर आत नेला आणि त्याला दुसरा नंबर दिला. छान चालला.

"आईला परत आत कोंडलं तुम्ही," आरती म्हणाली.

निघताना बघतो तर दारात माझ्या चपला... बाहेर तोंड करून ठेवलेल्या. मी तशा काढल्या नव्हत्या. आरती तर आतच होती.

शाखांचं काम मला मिळालं. क्लासचं नेटवर्क नांदेडहून, घरबसल्या बघता येतं. माझी बायको अख्तरी विचारते, जेवता जेवता लॅपटॉप कशाला उघडता? तिला काय सांगू? लाज वाटते.

मी त्या जुन्या नंबरला हाक मारतो. मनात म्हणतो, मावशी, चुकलो, आता तरी बाहेर या. ज्या दिवशी उत्तर येणार नाही, त्या दिवशी समजेन की त्या सुटल्या.

आज हे लिहायच्या आधीही हाक मारली...

उत्तर आलं.