केन ब्रांचचं नाव कोणी घेतलं नाही

या, जरा जवळ सरकून बसा. आवाज चढवून सांगण्यासारखी ही गोष्ट नाही.

सांगते ते माझ्यासमोर घडलंय. ऐकीव काही नाही, पदरचंही काही नाही. देवाच्या घरात घडलेल्या गोष्टीत खोटं मिसळायची माझी छाती नाही.

१९८७ साल. ऑगस्टचा तिसरा रविवार. जॉर्जियातल्या पेमब्री काउंटीतलं आमचं लिटल जॉर्डन चर्च. आणि वेळ... दुपारी पावणेदोनची.

हो, दुपारची. बाहेर रस्त्याचं डांबर वितळत होतं.

आमच्या काउंटीत एक कोर्ट, एक सिग्नल, बाकी सगळा कापूस आणि पाइनची झाडं. मधे मधे वस्त्या. सात. चार चर्चना मिळून पाळक एकच, रेव्हरंड टॉलिव्हर. महिन्याचा तिसरा रविवार आमच्या वाट्याला.

आणि ते उपदेश काय करायचे! आधी नुसतं बोलायचे. मग बोलता बोलता सूर लागायचा. एक ओळ ते गाणार, तिला आम्ही सगळे गाऊन उत्तर देणार. छप्पर हलायचं. मला नदीत उभं करून बाप्तिस्मा त्यांनीच दिला. माझा नवरा गेला, त्या वर्षी त्यांच्या गाण्याच्या आधारावर मी जगले.

म्हणून हे सांगणं सोपं नाही.

त्या आठवड्यात काउंटीने एक पुस्तिका काढली होती. आपली काउंटी, तिच्यातल्या वस्त्या, कुठे कोण कधी येऊन राहिलं. शनिवारी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या मी ती वाचली.

वस्त्या सहाच.

पुन्हा मोजल्या... सहाच.

सातवी, केन ब्रांच, नव्हती. खाली बारीक अक्षरांत छापलं होतं : ओढ्याकाठच्या त्या जमिनीवर कधी वस्ती नव्हती, तिथे कोणाला पुरलेलंही नाही. माहिती देणार, रेव्हरंड टॉलिव्हर.

केन ब्रांचला माझी आई पुरलेली आहे. आयझोला. मी आठ वर्षांची असताना ती गेली. तिथल्या लोकांकडे कोरलेले दगड नव्हते. मेलेल्या माणसाने शेवटी वापरलेली वस्तू मातीवर ठेवायची. कुठे कप, कुठे कंदिलाची काच. आईच्या मातीवर निळी बशी. परक्याला तो उकिरडा वाटावा.

शाळा बंद झाली तशी तिथली माणसं उठून बाकीच्या वस्त्यांत गेली. मागे थडगी राहिली. आता लाकडाच्या एका कंपनीला ती जमीन नांगरून पाइन लावायचे होते. सोमवारी सकाळी कोर्टात परवानगी मिळणार होती. थडग्यांबद्दल कोर्ट ज्याचं ऐकेल असा माणूस एकच होता, रेव्हरंड. त्यांनी नुसतं 'आहेत' म्हटलं असतं, तर नांगर थांबला असता.

रविवारी उपासनेआधी मी त्यांना मागच्या खोलीत गाठलं.

"रेव्हरंड, माझ्या आईला मातीत तुम्हीच उतरवलंत ना?"

"हो, पोरी." ते झग्याची बटणं लावत होते.

"मग हे काय?"

पुस्तिकेकडे त्यांनी पाहिलंच नाही. "बाहेर नवे बाक बघितलेस? मिस झेफी पंधरा वर्षं मोडक्या बाकावर कंबर धरून बसली. ते लाकूड कुठून आलं वाटतं तुला?"

"माझ्या आईच्या अंगावरून आलं?"

"मेलेल्यांची काळजी देव घेतो, वर्लीन. जिवंतांची मला घ्यावी लागते."

"उद्या कोर्टात खरं सांगा. दुसरं काही मागत नाही."

ते हसले. खांद्यावर हात ठेवला. तोच हात, नदीत मला धरणारा.

"आज मी गाणार आहे. ऐक. मन हलकं होईल."

मी बाहेर आले. मिस झेफी पंख्याने वारा घेत होती. वय ऐंशी, जीभ विशीतली.

"काय गं, तुझ्या केकमध्ये कोणी मीठ टाकलं का?"

"काही नाही, मिस झेफी."

"मग रेव्हरंडना सांग, आटोपतं घ्या. माझी तळलेली कोंबडी गाडीत आहे. उपदेश लांबला तर उठून घरी जाईल ती."

दारात उभं राहून लोकांना जागा दाखवायची, हे माझं काम. पांढरे हातमोजे घालून मी मागच्या भिंतीशी उभी राहिले. माझ्या पुढ्यातले, शेवटचे तीन बाक उशिरा येणाऱ्यांसाठी रिकामे ठेवलेले.

तो दिवस, दरवर्षीचा, गाव सोडून गेलेल्यांनी परत येण्याचा. अटलांटा, डेट्रॉइट, कुठून कुठून माणसं येतात. उपदेशाआधी रेव्हरंड एकेका वस्तीचं नाव घेतात. त्या वस्तीच्या माणसांनी उभं राहायचं, एक ओळ गायची, बसायचं.

"रेड हिल." उभे राहिले, गायले, बसले.

"शुगर फोर्क."

सहा नावं झाली. सातवं नाव दरवर्षी केन ब्रांचचं. अकरा जण उभे राहायचे.

रेव्हरंडनी वही मिटली.

ते अकरा जण समोरच होते. एकमेकांकडे पाहिलं त्यांनी. मग नव्या बाकांकडे. मग खाली.

कोणी उठलं नाही.

मी तर उभीच होते. फक्त तोंड उघडायचं होतं. नाही उघडलं.

तेवढ्यात...

कर्रर्र.

शेवटचा बाक. माणूस उठला की लाकूड जसं सुटतं, तसा आवाज.

मग दुसरा बाक. मग तिसरा.

मी पाहिलं. रिकामे. उन्हाच्या पट्ट्यात धूळ तरंगत होती, बस्स.

मिस झेफीचा पंखा थांबला.

रेव्हरंडनी घाईने उपदेश सुरू केला. बोलले. सूर लागला. पहिली ओळ गायले. आम्ही उत्तर दिलं.

दुसरी ओळ गायले...

काहीच नाही.

मी तोंड उघडलं होतं. छातीतून वाराही निघाला. आवाज नाही. चर्चभर तोंडं उघडी, आणि छताच्या पंख्याची घरघर ऐकू येत होती.

मग उत्तर आलं.

मागच्या बाकांकडून.

पुष्कळ गळे. बायका, बाप्ये. आम्ही सगळे ओळीचा शेवट वर उचलतो. हे लोक तो खाली, अगदी खाली उतरवत होते, झोपलेलं मूल खाली ठेवावं तसं. तसं फक्त केन ब्रांचचे लोक गात.

त्यातला एक आवाज माझ्या डाव्या खांद्याजवळ होता. बारीक. आई कपडे धुताना गायची, तसा.

मी वळले नाही.

रेव्हरंडनी पुन्हा ओळ टाकली. मागून पुन्हा उत्तर, अधिक जवळून. तिसऱ्यांदा त्यांनी तोंड उघडलं, आणि सूर आलाच नाही. स्वतःच्या घराची वाट विसरलेल्या माणसासारखे ते नुसते उभे राहिले.

मागचे आवाजही थांबले.

मला वाटलं, आता तरी हे खरं बोलतील. सोमवारी मी कोर्टात जाऊन बसले. रेव्हरंड काळा सूट घालून आले. माझ्याकडे पाहिलं. न्यायाधीशांनी विचारलं, तिथे कोणाला पुरलंय का?

"लिहून दिलंय, तेच." आवाज वाळक्या शेंगेसारखा.

सप्टेंबरात नांगर फिरला.

पुढे अकरा वर्षं त्यांनी उपदेश केला. बोलून. गाऊन एकदाही नाही. मिस झेफी नव्या बाकावर परत बसली नाही. घरून घडीची खुर्ची आणायची. का, ते तिने सांगितलं नाही, कोणी विचारलंही नाही.

मी अजून त्याच भिंतीशी उभी राहते. चौऱ्याऐंशी झाली आता. तुम्ही म्हणाल, ऊन होतं, मन दुखलेलं होतं, भास झाला असेल. असेल. पण एक गोष्ट मला झोपू देत नाही.

त्या दिवशी ते उठल्याचा आवाज मी ऐकला. बसल्याचा ऐकला नाही.

आजवर नाही.

तुम्ही देवापुढे आपल्या माणसांची नावं घेत असाल, तर एक नाव माझ्यासाठी घ्या. आयझोला, केन ब्रांचची. मनात नको, मोठ्याने घ्या. मला त्या दिवशी जमलं नाही.