पिवळ्यावरच्या रेघा

साहेब, तुम्हाला माहीत होतं.

दवाखान्याच्या क्वार्टरची किल्ली देताना तुम्ही ताईकडे मान वर करून बघितलंसुद्धा नाही. ही गोष्ट घडलेली आहे. माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरी, गेल्या महिन्यात, भर दुपारी.

ताई नर्स आहे. मागची खोली तिच्या पाच वर्षांच्या चिमणीसाठी रंगवायची होती. ताईला फिकट पिवळा हवा होता. रंगारीकाका गडद निळ्यावर अडून बसले.

"लेकराची खोली आहे काका, विहीर नाही," ताई म्हणाली.

काका हसले नाहीत. भिंतीवर दोन्ही रंगांचे पट्टे ओढले, शेजारी शेजारी. वाळल्यावर ठरवा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ताई ड्युटीवरून आली, तर पिवळ्यावर... पेन्सिलीच्या चार रेघा.

एकीवर एक. मुलांची उंची मोजतो तशा.

चिमणीला ओरडा बसला. पण वरची रेघ तिच्या डोक्याच्याही वीतभर वर होती.

काकांनी भिंत घासली, पुट्टी भरली, पुन्हा पिवळ्याचे दोन हात मारले.

दुसऱ्या दुपारी... पाच.

काका स्टुलावर बसले. ही खोली आजवर तीनदा रंगवली म्हणाले. तिन्ही बिऱ्हाडांनी शेवटी निळाच घेतला. ताईने विचारलं, निळ्यावर उमटत नाही का?

"उमटतं, बाई. दिसत नाही एवढंच."

ताईने पिवळाच घेतला, त्या पाच रेघा तशाच ठेवून. जे आहे ते डोळ्यांना दिसू दे, म्हणाली.

आठवडाभर काही नाही.

मग एका दुपारी खोलीतून चिमणीचा आवाजच येईना. ताई डोकावली. पोरगी भिंतीला पाठ लावून उभी. टाचा चिकटवलेल्या. हनुवटी सरळ.

"असं उभं राहायला कोणी सांगितलं गं?"

"तो म्हणाला, हलू नको."

चिमणीच्या डोक्याशी... एक नवी रेघ होती.

ताईने तिला उचललं आणि खोलीला कुलूप घातलं. तीन दिवसांनी उघडलं. त्या नव्या रेघेखाली आणखी दोन. ताईने चिमणीला तिथे उभं केलं. डोकं बरोबर सगळ्यात खालच्या रेघेला लागलं.

आणि शेजारची ती जुनी पाच रेघांची रांग... बोटभर वर गेली होती.

ताईने तुमच्याकडे क्वार्टर बदलून मागितलं. तुमचं एका ओळीचं उत्तर आलं. गडद रंग लावून घ्यावा.

चिमणी आता माझ्याकडे आहे. खाते, खेळते. पण तोच गुडघ्यापर्यंतचा फ्रॉक आता पोटरीवर आलाय.

साहेब, त्या भिंतीवर कोण वाढतंय? त्या क्वार्टरची फाईल उघडा आणि सांगा.