शंकरपाळ्याची तिसरी वाट

[सुरुवात]

उन्हाळा, १९७४. नवीन जालना. बियाणे कंपनीचा जिना — मी वर चाललेली, तो खाली… धडक!

माझ्या हातातली हिरवी प्लॅस्टिकची पट्टी त्याच्या ओल्या गोणपाटावर पडली. पट्टीत आकार कापलेले: चौकोन, लंबगोल, तिरपा चौकोन. त्यानं ती उचलून डोळ्याला लावली आणि तिरप्या चौकोनातून माझ्याकडे बघत राहिला.

"मॅडम, ह्याच्यानं शंकरपाळे पाडून राह्यले का?"

"कॉम्प्युटरचं आहे ते. द्या इकडं."

"देतो की. जरा बघू द्या."

बघत मात्र तो पट्टीकडे नव्हताच.

[काम]

मी सत्यशीला, नोंदी लिहिणारी कारकून. मुंबईचे एक साहेब आम्हा सहा जणांना आराखडे काढायला शिकवत होते. काम कसं चालतं ते आधी चित्रात मांडायचं, मग कॉम्प्युटरला सांगायचं. लंबगोलात सुरुवात आणि शेवट, चौकोनात काम, तिरप्या चौकोनात, म्हणजे शंकरपाळ्यात, प्रश्न. प्रश्नातून दोनच वाटा — हो, नाही. ज्याचा आराखडा सर्वांत बरोबर, तो एकटा पुण्याला जाणार, कॉम्प्युटर शिकायला. बाकीचे पाच पुरुष. मला जायचंच होतं.

सगळ्यांना एकच विषय मिळाला: बियाण्याची उगवण चाचणी.

प्रयोगशाळेत गेले, तर गोणपाट गुंडाळत तोच बसलेला! पुंजाराम, अंतरवाली सराटीचा. शेजारी गोजरबाई, वीस वर्षं बी तपासणारी.

"कपाशीचं बी ओल्यात ठेवायचं," मी लिहीत होते. "उगवलं का? हो — मोजा. नाही — फेका."

गोजरबाई हसली. "फेकतीस कामून बाई? दाबून बघ आधी. मऊ लागलं, तर मेलं. कडक लागलं, तर झोपेल हाये. अजून चार दिवस ठेवायचं."

"हे तर कुठंच लिहिलेलं नाही!"

"आम्हाला कोणी इचारलंच न्हाई," पुंजाराम म्हणाला.

[प्रश्न]

मी रोज विचारायला जाऊ लागले. खरंच विचारायला… बहुतेक वेळा.

एका दुपारी त्यानंच विचारलं, "सत्यशीला, माझ्याशी लग्न करता का?"

"मला पुण्याला जायचंय."

"ते न्हाई इचारलं मी. हो का न्हाई?"

"चार दिवस थांबा."

"म्हंजे मी कडक बी हाये का?"

गोजरबाईनं खोकला काढला. खोटा.

[तपासा]

सोमवारी साहेबांसमोर सहा आराखडे. पाचांत प्रत्येकी एकच शंकरपाळा. माझ्यात दोन — "नाही"च्या वाटेवर आणखी एक: कडक आहे का?

"प्रश्नाला पुन्हा प्रश्न! बायकांचं बोलणं असंच असतंय," त्या पाचांतला भुजंग म्हणाला. सगळे हसले.

मी साहेबांच्या तळहातावर न उगवलेलं एक बी ठेवलं. "दाबा."

त्यांनी दाबलं. पुन्हा दाबलं. "आता उगवण किती आहे?"

"शंभरात एकसष्ट," चाचणीचं गोणपाट घेऊन आलेला पुंजाराम म्हणाला. "पासष्ट लागतात."

"म्हणजे नापास. ठीक आहे, चार दिवस थांबू."

शुक्रवारी गोणपाट उघडलं. पांढरे कोंब! गोजरबाईनं मोठ्यानं मोजले — अकरा. एकसष्ट आणि अकरा, बहात्तर. पाच आराखड्यांनी चांगलं बियाणं फेकून दिलं असतं.

साहेब उठले. "पुण्याला सत्यशीला जाईल. आणि हा दुसरा शंकरपाळा कोणी शिकवला?"

"गोजरबाईंनी," मी म्हणाले.

गोजरबाईनं पदर खोचला आणि भुजंगकडे बघितलं. नुसतं बघितलं.

[शेवट — ह्याचा आकार सुरुवातीचाच असतो]

तोच जिना. ह्या वेळी तो मुद्दाम आडवा उभा.

"माझे चार दिवस झाले."

मी पट्टी डोळ्याला लावली. तिरप्या चौकोनात त्याचा चेहरा नीट बसत होता, एक कान तेवढा बाहेर.

"हो," मी म्हणाले.

तो जिन्यावरच खाली बसला.

"पण पुण्याला सहा महिने… चालेल?"

"बिलकुल," तो म्हणाला. "जा तुम्ही. मी गोणपाट ओलं ठेवतो."