हवेतली चुकामूक

आईला कायमचं आपल्याकडे न्यायला लेक आली, तेव्हा घरातली बांधाबांध जवळजवळ उरकली होती. लेक विमानतळावर मार्ग आखायच्या खोलीत कामाला. कुठल्या दोन विमानतळांत किती अंतर, वारा कुठून, वेळ किती, सगळं तिला तोंडपाठ असे.

तिच्या शहराहून आईकडे यायला हल्ली जेमतेम तास लागतो. मधे समुद्र, त्यामुळे रस्त्याने वळसा घालायचा तर अख्खा दिवस मोडतो. बाबांचं दोन पंख्यांचं टपालाचं विमान याच वाटेवर अडीच तास घ्यायचं. तिकडून निघताना ते फोनवर एकच शब्द बोलायचे, "आलोच." आई हसून म्हणायची, "ह्यांचं आलोच म्हणजे अडीच तास." त्या हिशेबाने ती चहाचं आधण ठेवायची, आणि लेक घरघर ऐकायला गच्चीवर पळायची. काय दिवस होते ते. मग एकदा "आलोच" आलं, बाबा आले नाहीत. ना विमान सापडलं, ना माणूस. तेव्हापासून आईने या घराला कधी कुलूप घातलं नव्हतं.

दुपारी लेक खोक्यांना चिकटपट्टी लावत होती. आई आतून आली. चेहरा कसा उजळला होता तिचा.

"आज नको निघायला. ह्यांचा फोन होता... आलोच म्हणाले."

फोनची तार सकाळीच माणूस येऊन काढून घेऊन गेला होता. तरी तिने रिसीव्हर उचलला. आवाज काही नव्हता. पण तो कोमट लागला, आणि त्याला बाबांच्या दाढीच्या साबणाचा वास होता.

"आई, विमान चुकेल आपलं."

"आणि आपण तिकडे, हे इकडे... चुकामूक झाली म्हणजे?"

लेकीला रडू येऊ लागलं. ते गिळून तिने आपल्या कामातलंच काहीतरी पुढे केलं. "नाही होत गं. वाट एकच आहे. समोरासमोरची विमानं एकमेकांच्या वरखालून जातात. तू खिडकीशी बस, दिसतील तुला."

लहान मुलाची समजूत काढावी तशी ती बोलली, आणि आईने ते खरं मानलं. कुलूप लेकीनेच लावलं.

विमानात आई काचेला नाक लावून बसली. बाहेर ऊन उतरत होतं. निम्म्या वाटेवर कुठूनशी जाड, ओबडधोबड घरघर आली. लेकीने ती लगेच ओळखली.

"गेले बघ..." आई पुटपुटली. "एवढ्या खालून का जातायत हे?"

लेकीने वाकून पाहिलं. खाली नुसतं पाणी होतं, काळवंडत चाललेलं. तिला भीती वाटली. पण खरं सांगायचं तर भीतीपेक्षा बाबांची आठवणच जास्त दाटून आली. तिने आईचा हात घट्ट धरला.

उतरल्यावर दोघी सामानाची वाट पाहत उभ्या असताना लेकीचा मोबाइल वाजला. आईच्या शेजारच्या काकू होत्या, अगदी दबक्या आवाजात बोलत होत्या.

"अगं, तुमच्या पायरीवर एक गृहस्थ येऊन बसलेत. घरात कोणी नाही म्हटलं, तर म्हणाले, थांबतो... इकडे पावसाचा टिपूस नाही गं. आणि त्यांच्या अंगावरून पाणी निथळतंय... खळतच नाहीये."

लेकीने फोन कानावरून हळूच खाली घेतला. आईने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. समोरून आपली बॅग गेली, तरी तिने हात पुढे केला नाही.

"परतीचं विमान कधी आहे गं?" तिने विचारलं.