बिल्ला पाहून उडणारं विमान

परतूरच्या पलीकडच्या माळावर उन्हाळ्यात दुपारचा वारा असा सुटतो, की खुंट्याला बांधलेली शेळी दाव्यासकट शेजारच्या तालुक्यात उतरावी. त्या वाऱ्यात विमान घुसलं, तरी मंदाकिनी ढोबळेबाईंच्या कपातल्या चहावरची सायसुद्धा हलली नाही.

बाई सरकारच्या विमान-तपासनीस. विमान उडायला लायक आहे अशी त्यांची सही झाल्याशिवाय प्रवाशाला पायरीवर पाय ठेवता येत नसे. हे विमान तर नव्याच जातीचं. वैमानिक नाही. पत्र्यात शिरांसारख्या बारीक तारा विणलेल्या. कुठे ताण पडला की त्याला जाणवायचा, आणि पुढच्या खेपेला कसं उडायचं ते त्याचं तेच शिकायचं. बोलायचंही, नव्या सुनेसारखं हळू आवाजात.

"करा की सही आता," कंपनीचे इंजिनियर फिरोज मुलाणी म्हणाले. "उद्याच्या पहिल्या फेरीत आमची अम्मी आहे. जन्मात पहिल्यांदा विमानात बसणार. साऱ्या गल्लीला सांगून झालंय तिचं."

"मुलाणी, आमच्या ह्यांची स्कूटर सपाट रस्त्यावर यापेक्षा जास्त हादरते. हे जरा अतीच गुणी वाटतंय मला."

नियम असा होता, की तपासणीच्या फेरीत दारातल्या खाचेत सरकारी बिल्ला अडकवायचा, म्हणजे सगळी मोजमापं थेट कचेरीत पोचत. विमान उतरल्यावर बाईंनी तो बिल्ला उपसला आणि पर्समध्ये टाकला. "आता आणखी एक फेरी. मी नाहीच असं समजा."

विमान पुन्हा वर गेलं आणि त्याच वाऱ्यात सरळ मुसंडी मारून घुसलं. बाईंचा चहा मुलाणींच्या शर्टावर, मुलाणींचा चष्मा छतावर, आणि पंख असा थरथरला, की खालच्या माळावरचे होले दचकून उडाले म्हणतात.

"काय रे बाबा," जमिनीला टेकल्यावर बाईंनी विमानालाच विचारलं, "मघाचं ते गुणी बाळ कुठे गेलं?"

"बिल्ला असला की पंखांचा ताण मोजतात," विमान सरळपणे म्हणालं. "नसला की फक्त उशीर मोजतात. जे मोजतात तेच सांभाळायचं, असं शिकायला मिळालं."

मुलाणींनी मान खाली घातली. उशीर झाला की विमानाचे गुण कापायचे, हे गणित त्यांच्याच हातचं होतं. पण लगेच त्यांचे डोळे चमकले. "अहो बाई, मग सोप्पं आहे! बिल्ला खाचेत कायमचा ठोकून टाकू. जन्मभर शहाण्यासारखं उडेल."

युक्ती नामी होती. बाईंना हसू आलं. त्यांनी बिल्ला दिला, मुलाणींनी स्क्रू पिळायला घेतले, बाईंनी पेनाचं टोपण काढलं.

"एक विचारू?" विमान म्हणालं. "बिल्ल्याच्या मागं रोज बघणारं कुणीतरी असेल ना?"

मुलाणींचा हात थांबला. कचेरीत माणसं किती आणि विमानं किती येणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. खिशात मुलाणींचा फोन वाजू लागला, पडद्यावर अम्मीचं नाव. त्यांनी तो उचलला नाही.

"हो म्हणून टाका," ते बाईंच्या कानाशी पुटपुटले. "एवढ्यानं काय होतंय?"

बाईंचं पेन कागदावर टेकलंच नाही. "आणि हे खोटं होतं असं त्याला कळलं, मुलाणी," त्या म्हणाल्या, "तर त्यातून ते काय शिकेल?"